निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल : गणपतरावांच्या निमित्ताने

भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर विधानसभा निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांची कारकीर्द अभ्यासणाऱ्याला या अहवालांइतके भरवशाचे साधन दुसरे नाही. 1962 ते 2014 या काळात सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाने त्यांना अकरा वेळा निवडून दिले. मतदारसंघनिहाय तक्त्यात प्रत्येक उमेदवाराची मते दिलेली असल्याने विजय किती भक्कम होता हेही कळते. 1995चे पान तर आवर्जून उघडावे. मंत्रिपद भूषवलेला हा नेता तेव्हा शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या 192 मतांनी हरला, आणि 1999 मध्ये पुन्हा निवडून आला.

मात्र हे अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे आहेत. 1972चा पराभव त्यांत दिसतो, पण ज्या पोटनिवडणुकीने गणपतरावांना 1974 मध्ये सभागृहात परत आणले, तिच्यासाठी अन्यत्र शोध घ्यावा लागतो.

सभागृहातील मतदानाचा शोध घेणाऱ्याला या सेवेचा उपयोग नाही. त्यासाठी विधिमंडळाचे कार्यवृत्तच पाहावे लागते, आणि तिथेही बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने, म्हणजे मते न मोजता, झालेले असतात. नोव्हेंबर 2014चा फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा तसाच संमत झाला. आमदाराला मिळालेले प्रत्येक मत मोजले जाते आणि त्याने दिलेले मत मात्र बहुतेकदा नोंदलेच जात नाही, हे मला मनापासून खटकते.