कायमेरा-एक्स : सिकलसेलचे मूळ दाखवणारी प्रणाली

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. आमच्या पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या नात्यात या आजाराचे रुग्ण किंवा वाहक असतात. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते, हे वाक्य त्यांना तोंडपाठ असते. परंतु एवढ्याशा बदलाने तांबडी पेशी विळ्यासारखी का वाकते, हे त्या वाक्यातून कळत नाही. ते कळावे म्हणून मी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संस्थेत तयार झालेली कायमेरा-एक्स ही रेणूंच्या त्रिमितीय रचना पडद्यावर दाखवणारी संगणक प्रणाली वापरतो, आणि या कामासाठी ती मला मनापासून आवडली आहे.

आज्ञेच्या ओळीत 'ओपन २एचबीएस' एवढे इंग्रजीत लिहिले, की प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिनची रचना थेट उतरते. या रचनेत एकमेकांना टेकलेले दोन रेणू, म्हणजे एकूण आठ साखळ्या आहेत. प्रत्येक साखळीला वेगळा रंग देऊन बीटा साखळ्यांमधील सहावे अमिनो आम्ल निवडले आणि दोन रेणूंच्या सांध्याजवळ गेले, की एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील खोबणीत बसलेले स्पष्ट दिसते. माउस नुसता वर नेला तरी नाव आणि क्रमांक उमटतो: पंच्याऐंशीवे फेनिलॲलनिन, अठ्ठ्याऐंशीवे ल्युसिन. व्हॅलिनसारखीच ही दोन्हीही पाण्यापासून दूर राहणारी असल्याने व्हॅलिन तिथे टिकते, रेणूला रेणू जोडला जातो आणि त्यांचे लांब तंतू पेशीचा आकार बिघडवतात. मऊ प्रकाशयोजना निवडली, तर सावल्यांमुळे त्या खोबणीची खोलीही नजरेला जाणवते. छापील आकृतीत हे कधीच साधत नाही. शेजारी १एचएचओ हे ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन उघडून (त्यात दोनच साखळ्या असतात, म्हणून आधी चार साखळ्यांचा पूर्ण रेणू तयार करून) 'मॅचमेकर' आज्ञेने दोन्ही रचना जुळवल्या, की ऑक्सिजन सुटल्यावर साखळ्या कशा सरकतात हेही दाखवता येते.

क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे घनता-नकाशे आणि पेशींच्या त्रिमितीय प्रतिमाही हीच प्रणाली उघडते, मात्र त्यासाठी सक्षम ग्राफिक्स आणि भरपूर मेमरी लागते. महाविद्यालयांतील जुन्या संगणकांवर मोठ्या रचनेचा पृष्ठभाग काढताना काम रेंगाळते आणि फार जुन्या यंत्रांवर प्रणाली सुरूच होत नाही. सगळ्या आज्ञा इंग्रजीत आहेत, ही मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी खरी अडचण आहे. मी नेहमीच्या आज्ञांचा मराठी अर्थ लिहिलेला कागद प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आहे.

शैक्षणिक आणि ना-नफा वापरासाठी ती विनामूल्य आहे. व्यावसायिक वापरासाठी परवाना घ्यावा लागतो. एकदा उतरवलेली रचना सत्र म्हणून जतन केली, तर तासाला इंटरनेट नसले तरी चालते. खानदेशातील जीवशास्त्राच्या शिक्षकांनी निदान २एचबीएसचे सत्र तयार करून ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.