बिननावाचं एचडीएमआय कॅप्चर कार्ड: चित्र झकास, आवाज अर्धा

मिरजेच्या तंबोऱ्याची जवारीच (तारांचा तो गुंजणारा, भरदार नाद) ऐकू येणार नसेल, तर मैफलीचं थेट प्रक्षेपण करायचं कशाला? सांगलीतल्या आमच्या गायनवर्गासाठी कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज संगणकात आणणारं हे यूएसबी कार्ड घेतलं. चित्र झकास. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी मात्र हलेचना. विंडोज कार्डचा आवाज मायक्रोफोन म्हणूनच धरतं. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनला परवानगी दिली, तेव्हा पट्टी हलली. तरी आवाज मोनोच, म्हणजे डावा-उजवा वेगळा नाहीच! कार्डातल्या एमएस२१०९ चिपची ही जुनी खोड: आवाज ४८ किलोहर्ट्‌झ स्टिरिओ, पण विंडोजला सांगते ९६ किलोहर्ट्‌झ मोनो. डावा-उजवा तंबोरा एकात कालवला जातो, आणि ते मला खपत नाही. भाषणांसाठी खुशाल घ्या. गाण्यासाठी आवाज मिक्सरच्या यूएसबीतून वेगळा आणा; चित्र आवाजापेक्षा जरा उशिरा येतं, म्हणून ओबीएसमध्ये सिंक ऑफसेट (आवाज किती उशिरा सोडायचा तो आकडा) टाळी वाजवून जुळवा.