नागपूर ते पुणे : रात्रीची ट्रॅव्हल्स की दिवसाची वंदे भारत?

नागपूरच्या मिहान ह्या उद्योगक्षेत्रात नोकरी, टीम पुण्यात, आणि दर काही दिवसांनी "एकदा समोरासमोर बसू" असा निरोप. हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यासाठी लिहितोय. पुण्यात नोकरी आणि आईवडील नागपूरला, असं उलटं असेल तरी चालेल. विमान मी मोजत नाही. कंपनी तिकीट काढत असेल तर प्रश्नच मिटला, आणि स्वतःच्या खिशातून काढायचं तर आयत्या वेळचं भाडं बघूनच माणूस लॅपटॉप मिटतो. गरीबरथ, आझाद हिंद, महाराष्ट्र एक्सप्रेस ह्यांत रात्रीची बर्थ मिळाली तर डोळे मिटून जावं, पण कन्फर्म बर्थ हातात असलेला माणूस हे वाचायला येणारच नाही. उरतात ते वेटिंगवाले, आणि त्यांच्यापुढे दोनच गोष्टी असतात: संध्याकाळी सुटणारी स्लीपर ट्रॅव्हल्स किंवा सकाळची वंदे भारत.

दोन्ही मी भरपूर केल्या आहेत. ट्रॅव्हल्स जास्त, कारण वंदे भारत आत्ता आत्ता, ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली.

आधी ट्रॅव्हल्सची बाजू, आणि ती कमी नाही. शुक्रवारी ऑफिस सुटलं, घरी येऊन जेवलं, गणेशपेठेत किंवा छत्रपती चौकात उभं राहिलं, की शनिवारी सकाळी पुणे. रजा नाही, कोणाला विचारणं नाही. पुण्यातही ती तुम्हाला एकाच जागी सोडून देत नाही. खराडी, संगमवाडी, वाकड, कुठेही उतरा. हिंजवडीत ऑफिस असेल तर हे फार मोठं सुख आहे, कारण पुणे स्टेशनवरून हिंजवडीला जाणं हा वेगळा प्रवास धरावा लागतो.

समृद्धीमुळे रस्ताही सुधारला. ७०१ किलोमीटरच्या त्या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला तेव्हा सगळीकडे पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं, पण पुण्याला जाणाऱ्याला त्याचं काय? आपण संभाजीनगरलाच समृद्धी सोडतो. तिथून पुढे तोच जुना नगर रोड. समृद्धीवर कमावलेला वेळ शिक्रापूर ते वाघोलीच्या मध्ये हप्त्याहप्त्याने परत करावा लागतो. तरी नागपूर ते संभाजीनगर हा भाग रात्री खरंच सपाट जातो. काँक्रीटच्या सांध्यांवरून चाकं जाताना एक ठेका लागतो, त्याची सवय झाली की झोपही लागते. बर्थ निवडताना एवढं बघा की मागच्या चाकाच्या वर किंवा त्यामागे नको. खालची, मधली, सिंगल मिळाली तर जास्तीचे पैसे द्या.

आता मी गॅजेटवाला माणूस. त्रास झाला की सहन करण्याआधी त्यावर काय विकत मिळतं ते शोधतो. बर्थशेजारचा चार्जिंग पॉइंट कधी चालतो, कधी नुसता असतो, म्हणून मोठी पॉवर बँक घेतली. पडद्याच्या फटीतून समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येतात, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी. इंजिनाच्या घरघरीसाठी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. एक सांगतो, ह्या हेडफोनांची जाहिरात बघून फार आशा ठेवू नका. एकसारखा घुमणारा आवाज, म्हणजे इंजिन, एसी, टायर, हे ते छान गिळतात. शेजारच्या डबल बर्थमधला माणूस फोनवर मोठ्याने "हो ना भाऊ, निघालो, आता वाडीत आहो" म्हणतो, ते नाही गिळत. माणसाचा आवाज दर क्षणाला बदलतो, त्याला उलट आवाज तयार करून खोडणं त्या चिपला जमत नाही. त्यासाठी कानात घट्ट बसणारे साधे रबरी बोळे बरे. हेडफोनासारखे ते बाहेरून कान दाबत नाहीत आणि कुशीवर झोपता येतं. मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून ठेवला की नेटवर्क नसतानाही गाडी कुठे आहे ते दिसतं. रात्री तीनला जाग आल्यावर त्या निळ्या ठिपक्याचा फार आधार वाटतो, का ते विचारू नका.

मनगटावरचं घड्याळ सकाळी सांगतं की झोप बरी झाली. अंग त्याच्याशी सहमत नसतं. मी अंगाचं ऐकतो. ट्रॅव्हल्सने गेलेल्या दिवशी मी ऑफिसात पोचतो वेळेवर, पण दुपारच्या जेवणानंतर कामाचा नसतो. तुमचं वय पंचविशीत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. एक गोष्ट चालवून घेता येईना.

ट्रॅव्हल्समध्ये सहसा बाथरूम नसतं. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच ह्यावर कोणी बोलत नाही. रात्री बारा-एकला कुठल्या तरी हॉटेलवर गाडी थांबते, बल्ब पेटलेले, बाहेर खुर्च्या, आणि मागच्या बाजूला जे काही असतं त्याचं वर्णन मी करत नाही. तिथून पुढे समृद्धीवर मनात येईल तिथे गाडी उभी करता येत नाही आणि करूही नये, वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर ते धोक्याचंच आहे. मग केबिनच्या दारावर टकटक करायची. क्लीनर झोपेतून म्हणतो, "पुढे थांबवतो." हे पुढे केव्हा येईल ते त्यालाही माहीत नसतं.

पुरुषमाणूस कसंबसं निभावतो. बायकोचं गणित दुपारीच सुरू व्हायचं. चार वाजता चहा नको. सहानंतर पाणी नको. जेवणात वरण नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना हेच नागपूर दिवसभर एकमेकांना "पाणी पित जा, नाहीतर लू लागेल" असं बजावत असतं, आणि आम्ही प्रवासाच्या दिवशी घोट मोजत बसायचो. बाबांना डायबेटिस आहे. त्यांना एकदा सोबत नेलं आणि त्या रात्री ते झोपले नाहीत, कुरकुरले नाहीत, नुसते पडदा बाजूला करून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. आवाजावर, उजेडावर, मानेवर, बॅटरीवर, सगळ्यावर मी काही ना काही विकत घेतलं होतं. ह्यावर काहीच विकत मिळत नाही.

तर वंदे भारत. नागपूरच्या अजनी स्टेशनवरून सकाळी ९:५० ला सुटते, रात्री ९:५० ला पुणे. पुण्याहून सकाळी ६:२५ ला, आणि संध्याकाळी ६:२५ ला अजनी. ८८१ किलोमीटर, बरोबर बारा तास. अजनीहून सोमवारी नसते, पुण्याहून मंगळवारी नसते. "वंदे भारत म्हणजे विमानासारखी वेगवान" असं कोणी सांगितलं असेल तर हिशोब करून बघा, सरासरी ताशी त्र्याहत्तर किलोमीटर पडते. ती सरळ पुण्याकडे जातही नाही. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव करत मनमाडपर्यंत पश्चिमेला जाते आणि मग कोपरगाव, अहिल्यानगर करत दक्षिणेला वळते. नकाशावर हा काटकोन पाहिला की समृद्धीवाले हसतात.

शिवाय बारा तास बसून जायचं. झोपायची सोय नाही. चेअर कारमध्ये एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या, त्यामुळे तिघांतली मधली मिळाली की दिवस मोठा वाटतो. दोनच्या बाजूची मागा. आणि सगळ्यात मोठी तक्रार, जी माझे मित्र लगेच करतात: "अख्खा दिवस गेला ना बाप्पा!"

गेला का? माझा तरी जात नाही. दर बोगीत चार्जिंग, समोर टेबल, हातात लॅपटॉप. गावं आली की नेट चांगलं, मधल्या शेतांत ते तुटतं आणि ऑफिसशी जोडणारं व्हीपीएन प्रत्येक वेळी नव्याने पासवर्ड मागतं. म्हणून आदल्या दिवशीच सगळा कोड आणि लागणारी डॉक्युमेंट्स मशीनवर उतरवून घेतो, कमिट, म्हणजे केलेल्या बदलांची नोंद, तिथल्या तिथे करत राहतो आणि भुसावळ आलं की सगळं एकदम वर ढकलतो. त्या दिवशी मीटिंग ठेवत नाही. डब्यातल्या इतर लोकांनाही आपला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, ऐकायची हौस नसते. ज्या कामाला सलग तीन तास कोणी हाक मारायला नको असते, ते माझं ह्या गाडीतच होतं. मॅनेजरला हे पटवायला वेळ लागला, पण पटलं. तुमचा मॅनेजर ऐकणारा नसेल तर मात्र ही सगळी बाजू तुमच्यासाठी बाद आहे, हे कबूल.

पाय आखडले की उठून डब्याच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. पाणी हवं तेवढं प्यायचं. बाबा पहिल्यांदा ह्या गाडीने आले तेव्हा वर्ध्याच्या आधीच दोनदा जाऊन आले आणि मग निवांत बसून बडनेऱ्यापर्यंत कपाशीबद्दल बोलत होते. जेवण तिकिटाबरोबर घेता येतं, नको असेल तर बुकिंग करताना वगळता येतं. आम्ही वगळतो, कारण घरून पोळी-भाजी आणि सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) निघते, आणि पुण्यातल्या टीमसाठी संत्रा बर्फीचा डबा पायाशी असतो.

अजनीबद्दल एक सूचना. मेट्रोचं अजनी चौक स्टेशन आणि रेल्वेचं अजनी स्टेशन ह्या दोन वेगळ्या जागा आहेत. मेट्रोने आलात तर उतरून ऑटो किंवा ई-रिक्षा करावी लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा. पुण्यात दहाला उतरल्यावर स्टेशनला लागूनच मेट्रो आहे, पण हिंजवडीवाल्यांनी कॅबचेच पैसे धरावेत.

आई वेगळंच मोजते. ३० जून २०२३ च्या रात्री, म्हणजे १ जुलै उजाडताना मध्यरात्रीनंतर, समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खाजगी बसला आग लागून २५ जण गेले. तेव्हापासून मी ट्रॅव्हल्सने निघालो की तिचा फोन सकाळपर्यंत उशाशी असतो. एका अपघातावरून सगळ्या बसगाड्यांना दोष देणं मला पटत नाही, आणि मी तो मुद्दा तुलनेत धरतही नाही. पण दिवसाच्या गाडीने निघालो की ती रात्री झोपते, हेही खरं.

पैशाचं थोडक्यात: एरवी दोन्हींत डोळे फिरावेत इतका फरक पडत नाही. दिवाळीत पडतो. खाजगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये असा नियम आहे, तरी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्रीचं पुणे ते नागपूर भाडं बघून तो आठवतही नाही. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तो दिवस कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

एकटे असाल, तरुण असाल, रजा शिल्लक नसेल आणि सोमवारी सकाळी पुण्यात लॉगिन करायचंच असेल, तर रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सला पर्याय नाही. मीही अजून अशा वेळी तीच पकडतो, चारनंतर चहा न घेता. पण सोबत घरचं कोणी असेल, किंवा परतीचा प्रवास असेल, तर माझं मत विचाराल तर वंदे भारत. निदान परतीला तरी बघाच. पहाटे उठावं लागतं खरं, पण संध्याकाळी साडेसहाला अजनीला उतरून घरचा चहा मिळतो, आणि तोही पाहिजे तेवढा पिता येतो.