सावंतवाडीची चितारआळी : घरासाठी काय घ्यावं आणि काय तिथेच ठेवून यावं

सरळ मार्क सांगून टाकते, चितारआळीला, म्हणजे सावंतवाडीच्या रंगीत लाकडी वस्तूंच्या बाजाराला, माझ्याकडून पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

हा रिव्ह्यू मुलांसाठी खेळणी घ्यायला जाणाऱ्यांसाठी नाहीये, म्हणजे खेळणी मस्तच आहेत, भातुकली, बैलगाडी, चाकांवरचा घोडा सगळं मिळतं, पण त्यावर आधीच भरपूर लिहून झालंय. मी लिहितेय ते ज्यांच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने दिलेला तो पांढरा रंग आहे, सोफा ग्रे आहे, पडदे बेज आहेत आणि एकदम कधीतरी वाटतं की अरे हे आपलं घर आहे का सर्व्हिस अपार्टमेंट, त्यांच्यासाठी. आमचं तसंच होतं. हायलाइट वॉल करायची, टेक्स्चर करायचं, वॉलपेपर लावायचा अशा सगळ्या चर्चा होऊन गेल्या, कोटेशनं येऊन पडली, आणि शेवटी ठरलं की भिंतींना हात लावायचा नाही, रंग वस्तूंतून आणायचा. गोव्याला जाताना सावंतवाडीला थांबायचं ठरलं ते त्यामुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन : सिंधुदुर्ग जिल्हा, गावाच्या मधोमध मोती तलाव, तलावाशेजारी राजवाडा, आणि बाजारातच ही चितारआळी. चितारी म्हणजे रंगकाम करणारे कारागीर, त्यांची आळी म्हणून चितारआळी. ट्रेनने येणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाहीये, रिक्षा करावी लागते. गाडीने येणार असाल तर लक्ष ठेवा, हायवे आता गावाच्या बाहेरून जातो त्यामुळे गप्पांच्या नादात तुम्ही थेट गोव्यातच पोचाल. आणि दुपारी जाऊ नका प्लीज. आम्ही जेवणाच्या वेळेला पोचलो तर अर्धी शटर खाली होती, कोकणात दुपारची झोप ही काय चेष्टा नाही.

दुकानं बाहेरून बघितली तर सगळी सारखीच वाटतात. दारात फळांच्या टोपल्या, वर लटकवलेले झुंबर आणि तोरणं, आत छतापर्यंत लाल-पिवळं-हिरवं. पहिल्यांदा डोळे गांगरतात अक्षरशः. एका दुकानातले काका म्हणाले, "आत येवन बघा हो ताई, बघूक पैशे पडनत नाय," आणि खरंच कोणी मागे लागत नाही, हे मला फार आवडलं. तासभर नुसतं बघून रिकाम्या हाताने बाहेर पडलात तरी तोंड वाकडं करत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. इथे दोन वेगवेगळ्या प्रकारचं काम मिळतं आणि घर सजवायचं असेल तर हा फरक कळायला हवा. एक म्हणजे लेथवर फिरवून केलेलं काम. लाकूड गरगर फिरत असतं आणि त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. लाटणी, भातुकलीची भांडी, छोट्या डब्या असलं सगळं यात येतं. रंग एकदम गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांचा. दुसरं म्हणजे हाताने रंगवलेलं काम, पाट, चौरंग, देव्हारे, ट्रे, पेट्या आणि गंजिफाचे पत्ते. यात आधी रंगकाम आणि मग वरून चकाकीचा थर. दिवाणखान्यासाठी मी म्हणेन दुसऱ्या प्रकारावर पैसे घाला.

फळांबद्दल माझं मत लोकांना आवडणार नाही, पण असो. आंबा, फणस, केळी, सीताफळ, मिरच्यासुद्धा, इतकी हुबेहूब असतात की पाहुणे हात लावून बघतात. पूर्वीपासून ही फळं पांगाऱ्याच्या लाकडाची करतात, ते हलकं आणि मऊ असतं म्हणून कोरायला सोपं, त्यामुळे हातात घेतल्यावर वजनच लागत नाही आणि तिथे गंमत येते. पण डायनिंग टेबलवर टोपलीभर लाकडी फळं ठेवली की आठवड्याभरात ती दिसेनाशी होतात, म्हणजे असतात तिथेच पण आपली नजर त्यांच्यावर पडत नाही, आणि धूळ मात्र रोज पडते. आम्ही फक्त एक अर्धवट सोललेलं केळं आणि काजूचं बोंड घेतलं आणि पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांच्या मध्ये ठेवलं. तिथे फळ असण्याचं काहीच कारण नाही, म्हणूनच ते दिसतं. पूर्ण टोपली घेणाऱ्यांना माझा विरोध नाही, आमच्या नणंदेने घेतलीच.

पाट मात्र! पाटासाठी मी परत जाईन. आम्ही घेतलाय तो गडद लाल, जवळपास कुंकवासारखा, कडेने वेलबुट्टी आणि मध्ये कमळ. घरी आणून उजेडात नीट बघितला तर कडेची पानं एकसारखी नाहीत. प्रत्येक पान एका फटकाऱ्यात ओढलंय, ब्रश टेकला तिथे जाड आणि उचलला तिथे केसाएवढं बारीक, आणि कोपऱ्यावर वेल वळवताना जागा कमी पडली म्हणून शेवटचं पान चक्क दुमडून घेतलंय. उलट बाजूला रंगाचे दोन ठिपके आहेत, बहुतेक ब्रश तपासला असेल. हात फिरवला तर फुलांच्या जागी किंचित उंचवटा लागतो. हीच खूण लक्षात ठेवा, कारण छापील किंवा स्टिकरचं काम असेल तर सगळी पानं तंतोतंत सारखी येतात आणि पृष्ठभाग एकदम सपाट लागतो. आणि इथेच तो कापलेला एक मार्क. आळीतल्या एका दुकानात मला हाताने रंगवलेली म्हणून जी पेटी दाखवली तिच्यावर चारही बाजूंना एकच मोर, पिसाचा तोच एक डोळा जरा पुसट, चारही ठिकाणी पुसट. विचारल्यावर "सगळीकडे असंच येतं" असं उत्तर मिळालं. दुकानाचं नाव घेत नाही, एका दुकानामुळे आळीला नावं ठेवायची नाहीत, पण ज्या कलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तिथे हे व्हायला नको होतं.

पाट घरी आला आणि तो कुठे ठेवायचा यावरून आमच्याकडे मोठीच बैठक झाली. माझं म्हणणं भिंतीला टांगू, सासूबाई म्हणाल्या पाट काय टांगायची वस्तू आहे का, पाट मांडतात. मध्यममार्ग म्हणून दारासमोरच्या शू-रॅकच्या वर, नाही नाही शू-रॅकवर पाट नाही हेही ऐकून झालं, तर खिडकीशेजारच्या बुटक्या कपाटावर भिंतीला टेकवून उभा केला. मागे पांढरी भिंत, शेजारी एक पितळी समई, बस्स. दिवाळीला खाली उतरवून त्यावर लक्ष्मीपूजन मांडलं आणि परत वर. म्हणजे सासूबाईंचंही झालं आणि माझंही.

रंगाचं एक सांगते जे मला तिथे जायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हे रंग कोकणातल्या घरांसाठी आहेत, म्हणजे शेणाने सारवलेली जमीन, चिऱ्याच्या भिंती, माजघरात अंधार, अशा जागी लाल-पिवळा असा ठणठणीतच लागतो, नाहीतर दिसणारच नाही. आपल्या फ्लॅटमध्ये सहा हजार पाचशे केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, तिथे हेच रंग ओरडतात. त्यामुळे दोन गोष्टी करा. एक तर एका नजरेच्या टप्प्यात यातली एकच मोठी वस्तू ठेवा, दुसरी हवी असेल तर दुसऱ्या खोलीत. आणि दुसरं, त्या वस्तूवर पडणारा दिवा तरी पिवळसर करा, सत्तावीसशे ते तीन हजार केल्विनवाला. बल्ब बदलल्यावर लाल रंग इतका खोल दिसायला लागला की नवऱ्याने विचारलं पाट पुसलास का. पण ही युक्ती लाल-पिवळ्यापुरतीच हं, निळी किंवा हिरवी वस्तू असेल तर पिवळ्या दिव्यात ती मळकट वाटते, ती दिवसाच्या उजेडात खिडकीजवळच ठेवा.

गंजिफाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण घरासाठी मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट तीच. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात एकशेवीस पाने, दहा अवतारांचे दहा रंग (आपल्या इस्पिक-बदामसारखे) आणि प्रत्येकात बारा, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मोगल पद्धतीचा संच शहाण्णव पानांचा, त्यात आठच रंग. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान तयार करायचे. ही कला जवळजवळ संपायला आली होती, ती सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी परत उभी केली, स्वतः शिकून, आणि आजही राजवाड्यात कलाकार बसून पानं रंगवताना बघायला मिळतात. तिकीट काढून आत जा, नक्की जा, बाहेरून तलावाबरोबर फोटो काढून निघू नका. एका ताईंना तळहाताएवढ्या गोलात मत्स्यावताराचे खवले भरताना बघितलं, ब्रशला म्हणाल तर चारपाचच केस असतील, आणि श्वास रोखून आम्हीच उभे, त्या मात्र आरामात शेजारणीशी गप्पा मारत होत्या.

पूर्ण हाताने रंगवलेला संच महाग आहे, कित्येक हजारांत जातो, आणि त्यात जेवढं काम आहे ते बघता जायलाच हवा. पण घर सजवायला पूर्ण संच लागत नाही. सुटी पानं फ्रेम करून मिळतात. आम्ही राजवाड्यातून काही पानं घेतली आणि फ्रेम घरी परतल्यावर आपल्या फ्रेमवाल्याकडून करून घेतली, कारण तयार फ्रेममध्ये सोनेरी नक्षीची पट्टी होती आणि एवढ्या रंगीत पानाला ती अजिबात नको. साधी काळी बारीक पट्टी, आत भरपूर पांढरा माउंट, आणि काच पानाला चिकटणार नाही एवढी गॅप ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात चकाकीचा थर काचेला धरतो. पानं सरळ रेषेत लावली, गोल आकाराची मजा रांगेत येते. चौकोनी खोलीत, चौकोनी टीव्ही, चौकोनी सोफा, चौकोनी खिडक्या यांच्यात तेवढेच काय ते गोल.

भिंतीसाठी अजून काही हवं असेल आणि वेळ असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची), परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ते हेच गाव. चित्रकथीचे रंग एकदम वेगळे, मातकट, गेरूच्या जवळचे, त्यामुळे ज्यांना सावंतवाडीचा लाल झेपत नाही त्यांनी तिकडे वळावं. दोन्ही एकाच भिंतीवर मात्र लावू नका, भांडतात.

आता जरा देखभाल, कारण दुकानदार हे सांगत नाहीत आणि विचारलं तर "काय होत नाही" म्हणतात. होतं. खऱ्या लाखेचा थर अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणजे सॅनिटायझर लावलेला ओला हात, परफ्यूमचा फवारा, स्पिरिटवालं क्लीनर, सगळं बंद. गरम वस्तूही नाही. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी रंगीत ट्रेवर सरळ वाफाळता चहाचा कप ठेवला आणि उचलल्यावर पांढरं वर्तुळ उमटलं, ते आजतागायत आहे. आता त्या ट्रेमध्ये चाव्या असतात. पुसायला फक्त कोरडं मऊ कापड, कोरीव भागात जुना मऊ टूथब्रश. थेट ऊन येणारी खिडकी नको, रंग उतरतो. आणि मऊ लाकडाच्या वस्तूखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली की समजा कीड लागली, ती वस्तू लगेच बाजूला काढा, नाहीतर शेजारचं शोकेसही जातं.

पॅकिंगबद्दल सुद्धा बोलायला हवं. आळीत ते वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, कारमधून नेणार असाल तर ठीक. कुरिअरने मागवायचं असेल तर आधी बबल रॅप आणि जाड खोका पक्का करून घ्या आणि पॅक करतानाचा फोटो मागा. आमच्याकडे नंतर मागवलेला चौरंग एक पाय सुटून आला. दुकानदाराने काही घासाघीस न करता नवीन पाय पाठवला, फेविकॉल आणि खिळा लावून घरीच बसवला, पण कुरिअर कंपनीने तक्रारीला उत्तरसुद्धा दिलं नाही.

भावाबद्दल. फळं आणि छोट्या वस्तू काहीशे रुपयांत येतात, मोठा रंगवलेला पाट किंवा चौरंग हजारांत जातो. घासाघीस थोडी चालते, पण हाताच्या कामावर करू नका असं माझं मत. छापील मोरावर हवी तेवढी करा.

कोणी विचारलं एकच वस्तू घ्यायची तर काय, तर पाट. बजेट कमी असेल तर गंजिफाचं एक सुटं पान आणि त्यावर चांगली फ्रेम. घर लहान असेल तर झुंबर अजिबात नको, दुकानात मस्त दिसतं आणि आपल्या साडेनऊ फुटी छताखाली डोक्याला लागतं. जायचं असेल तर सकाळी दहाच्या सुमारास पोचा, आधी राजवाडा करा म्हणजे चांगलं काम कसं दिसतं ते डोळ्यात बसतं, आणि मग आळीत शिरा.