पत्र खरं, गाडी खोटी

१९७३ ची पोर्शे ९११ करेरा आरएस २.७ म्हणून जी गाडी आम्हाला विकली गेली, ती त्याच वर्षीची साधी ९११ टी निघाली. बाहेरून आरएसचा साज, आत टीचा सांगाडा आणि सोबत दुसऱ्याच गाडीची कागदपत्रं. दलालाचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे आणि वकिलांनी तोंडाला कुलूप घातलंय. त्याची पद्धत लिहायला मात्र कुणाची आडकाठी नाही. जुन्या स्पोर्ट्स कारचे भाव चढत गेले तशी ही पद्धतही फोफावत गेली आहे, आणि ती त्या एकट्याची नाही.

आधी आरएसच का, ते सांगतो. पोर्शेने ही गाडी ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. शर्यतीत उतरायचं तर नियमाप्रमाणे ५०० गाड्या बनवणं भाग होतं, आणि तेवढ्या खपतील का, याचीच कंपनीला धास्ती होती. शेवटी १,५८० बनल्या. २१० अश्वशक्तीचं इंजिन, थोडे फुगीर मागचे मडगार्ड, पुढच्यांपेक्षा एक इंच रुंद मागची चाकं, इंजिनच्या झाकणावर ‘डकटेल’ म्हणतात तो वर वळलेला स्पॉयलर आणि दाराच्या खालच्या अंगाला ‘करेरा’ अशी अक्षरं. जरा विचार करा: इंजिन सोडलं तर यातलं सगळं सुटं विकत मिळतं. अक्षरं तर नुसती चिकटवायची.

भाव चढण्याआधी कित्येकांनी निव्वळ हौसेपोटी आपल्या साध्या ९११ ला हा साज चढवला होता. त्यात लपवाछपवी नव्हती. मालक स्वतःच कौतुकाने सांगायचा, मूळची टी आहे म्हणून. पुढे गाड्या हातोहात फिरल्या, सांगणारे मागे पडले आणि खऱ्या आरएसचा भाव टीच्या कित्येक पट झाला. हा मधला फरक म्हणजेच ठगाचा नफा. फेरारीतही हेच. ३६५ जीटीबी/४ म्हणजे डेटोना, तिच्या बंद कूपे हजारावर बनल्या, तर कारखान्यातून निघालेल्या उघड्या स्पायडर जेमतेम सव्वाशे. मग कूपेची छपरं कापून स्पायडर करण्याचा धंदा चालला. २५० जीटीई ही चौघांनी बसायची फेरारी तर बिचारी सुट्या भागांची खाणच ठरली. तिचा सांगाडा आणि इंजिन वापरून २५० जीटीओच्या नकला उभ्या केल्या गेल्या. ‘नक्कल’ असं सांगून विकली, तर त्यात गैर काहीच नाही. न सांगता विकली की गुन्हा.

आता आमचा दलाल. माणूस अतिशय गोड. गाडीबद्दल तो कमी बोलायचा, भावाबद्दल जास्त. पहिल्याच भेटीत त्याने लिलावांच्या निकालांची चळत समोर ठेवली. १९६२ ची २५० जीटीओ २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टेरेच्या लिलावात ४.८४ कोटी डॉलरला गेली. मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोला गेली. हे आकडे खरेच आहेत. पण जीटीओ जगात ३६, उलेनहाउट कूपे बनल्याच दोन. त्यांच्या भावावरून १,५८० बनलेल्या गाडीचा भाव काढणं म्हणजे राजवाड्याच्या किमतीवरून चाळीतल्या खोलीचं भाडं ठरवण्यासारखं आहे. पुढचे आकडे तर आणखी बेरकी होते. ‘अमुक आरएस इतक्याला’ असं लिहिलेल्या बऱ्याच गाड्या त्या भावाला विकल्याच गेल्या नव्हत्या. ती मालकांनी मागितलेली किंमत होती. लिलावात बोली लागते, पण मालकाने ठरवलेली किमान किंमत गाठली गेली नाही तर गाडी परत जाते, हे कागदावर दिसत नाही. २०१९ मध्ये मॉन्टेरेलाच पोर्शे टाइप ६४ च्या लिलावात पडद्यावरचा आकडा ७ कोटी डॉलरपर्यंत चढला आणि लोक टाळ्या वाजवू लागले. मग लिलाव पुकारणाऱ्याने खुलासा केला, की बोली १.७ कोटींची आहे. त्या दिवशी ती गाडी विकलीच गेली नाही.

भाव फक्त वरच जातात, असाही त्याचा सूर होता. १९९० चं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि त्यांच्या गाड्यांवर पैशांचा पाऊस पडला. बँकांचं कर्ज काढून लोक गाड्या घेत होते, न बघता विकत होते. मग मंदी आली आणि भाव कोसळले. जॅग्वारच्या एक्सजे२२० ची कथा तर अजून सांगितली जाते. लोकांनी ५०,००० पौंडांची अनामत भरून नंबर लावले होते, गाडी मिळाल्यावर नफ्याने विकायच्या इराद्याने. १९९२ मध्ये गाडी तयार झाली तोवर बाजार बसला होता. कबूल केलेल्या बारा सिलिंडरच्या व्ही१२ ऐवजी सहा सिलिंडरचं व्ही६ इंजिन आलं, हे कारण पुढे करून कित्येकांनी अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला आणि भांडण कोर्टात गेलं. ३५० बनवायच्या होत्या, ३०० सुद्धा बनल्या नाहीत.

माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, या सौद्यात निम्म्याचा भागीदार होता. त्याने सरळ विचारलं, “कागद दाखवा.” दलालाला तेच हवं होतं. त्याने निळी फाइल काढली. तिच्यात जुनी नोंदणी, दुरुस्तीची बिलं, आधीच्या मालकाचे फोटो आणि सर्वांत वर कारखान्याचं पत्र. चासी क्रमांक ९११३६ ने सुरू होणारा. चौथा अंक ३ म्हणजे १९७३ चं मॉडेल, पाचवा ६ म्हणजे करेरा आरएस. टीच्या क्रमांकात तिथे ६ येत नाही. पत्रात मूळ रंग, इंजिनचा क्रमांक, बसवून दिलेल्या खास गोष्टी असं सगळं होतं आणि गाडीशी ते तंतोतंत जुळत होतं.

हे पत्र बनावट नव्हतं. कारखान्याच्या दप्तरातून रीतसर काढलेलं होतं. पण असं पत्र एवढंच सांगतं, की अमुक क्रमांकाची गाडी अमुक रूपात कारखान्यातून बाहेर पडली. समोर उभी असलेली गाडी तीच आहे, हे ते सांगत नाही. कसं सांगेल? दप्तर बघून लिहिणाऱ्याने गाडी पाहिलेलीच नसते. ठग आधी गाडी घेऊन तिला शोभेलसे कागद जमवत बसत नाही. आधी फाइल मिळवतो, आणि मग फाइलबरहुकूम गाडी रंगवतो, सजवतो, तिच्यावर आकडे ठोकतो. म्हणूनच ती इतकी तंतोतंत जुळते. पन्नास वर्षं रस्त्यावर काढलेल्या गाडीत आणि तिच्या कागदांत कुठे ना कुठे विसंगती असते: बदललेला गिअरबॉक्स, दुसऱ्या रंगाचं दार, मध्येच गायब झालेली काही वर्षं. खऱ्या गाडीचा मालक ती विसंगती स्वतःहून सांगतो. इथे एकही नव्हती.

स्वतंत्र तपासणी आम्ही मागितली. “अगदी जरूर,” तो म्हणाला आणि लगेच एका तज्ज्ञाचं नाव सुचवलं. तज्ज्ञाचा अहवाल जाडजूड आणि रंगीत आला. डायलचे फोटो, सीटच्या चामड्याचे फोटो, चाकांचे फोटो. चासी क्रमांकाचा फक्त एक, तोही फ्लॅशच्या उजेडात पांढरा पडलेला. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायची म्हटलं तर लिफ्ट नादुरुस्त. आणि मग ते ठेवणीतलं वाक्य: “मी घाई करत नाही, साहेब. फक्त शुक्रवारी दुसरे लोक बघायला येतायत.” पैसे थेट त्याला नव्हे, एका ‘तटस्थ’ कंपनीच्या खात्यात भरायचे होते, गाडी आमच्या हाती पडल्यावरच ते त्याला मिळणार होते. ती कंपनी त्याच्याच माणसाने काढलेली होती, हे पुढे पोलिसांकडून कळलं.

बिंग फुटलं ते विमा कंपनीमुळे. विम्याची रक्कम ठरवण्याआधी त्यांनी आपला माणूस पाठवला. हा अशा एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनांवर हयात घालवलेला जुना मेकॅनिक. त्याने डकटेलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या डिकीतला गालिचा उचलला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र चासी क्रमांकाभोवती फिरवलं. आकड्यांभोवती थर एकदम जाड, कारण तो पत्र्याचा तुकडा कापून नवा जोडलेला होता आणि वेल्डिंग रंगाखाली दडवलं होतं. मग इंजिनच्या पंख्याशेजारचा क्रमांक. तिथला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला, आकडे किंचित वाकडे. पुढे प्रयोगशाळेत त्या धातूवर रसायन लावलं तेव्हा खालचे जुने आकडे पुसटसे वर आले. ठोकताना दबलेला धातू खोलवर वेगळा राहतो, वरून कितीही घासा. ते इंजिन टीचंच होतं. चाकं आरएसला असतात तशी फुक्स कंपनीचीच, पण त्यांच्या मागच्या बाजूला ठोकलेली तारीख गाडी बनल्यानंतरची. दरवाजाचं आतलं आवरण काढलं तर मागे खडूने लिहिलेले आकडे आमच्या क्रमांकाचे नव्हते.

त्यानंतर आरएसच्या मालकांनी राखलेल्या नोंदवहीत विचारणा केली. आमच्या क्रमांकाची गाडी तिच्यात आधीच होती. कितीतरी वर्षं एकाच मालकाकडे, सुस्थितीत. त्यांनी ती मध्यंतरी विकायला काढली होती, तेव्हा कुणा इच्छुकाला फाइलच्या प्रती पाठवल्या होत्या. सौदा झाला नाही. प्रती मात्र राहिल्या त्याच्याकडेच.

दलालाच्या वकिलाने दिलेलं उत्तर वाचून दादा हसलाच. त्यांनी चक्क ‘ओल्ड नंबर वन’ बेंटलीच्या खटल्याचा दाखला दिला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मानची २४ तासांची शर्यत जिंकलेली ही गाडी. १९९० मध्ये एका कंपनीने ती १ कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि मग मागे फिरली, की हिच्यात मूळचं काही उरलेलंच नाही. लंडनच्या कोर्टाने गाडी अस्सल मानली. म्हणून आमचीही अस्सल! पण तिथे मुद्दा असा होता, की भाग बदलत गेले तरी गाडीचं आयुष्य कुठेही तुटलं नव्हतं. एकच गाडी बदलत बदलत पुढे आली होती. आमच्या गाडीच्या आयुष्याचा त्या क्रमांकाशी काडीचा संबंध नाही. उलट ज्या गाडीशी तो आहे, ती दुसरीकडे धडधडीत उभी आहे.

सध्या गाडी पुरावा म्हणून अडकली आहे. तटस्थ कंपनीच्या खात्यात उरलेली किरकोळ रक्कम गोठवली आहे, बाकीची पुढे कुठे गेली याचा शोध चालू आहे. दलालाचं म्हणणं, तोही फसला. तज्ज्ञ फोन उचलत नाही.

ज्यांचा असा सौदा चालू असेल त्यांनी अनामत देण्याआधी क्रमांक घेऊन त्या मॉडेलच्या नोंदवहीत विचारावं. उत्तर बहुधा फुकट मिळतं. तपासणीचा माणूस आणि लिफ्ट, दोन्ही आपणच ठरवावं. “बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर” हे इथे शब्दशः लागू आहे: कागद नको, लोखंड दाखव. आणि ती फाइल अजून फिरते आहे. परवाच एकाने विचारलं, अशी अशी आरएस सांगून आली आहे, काय वाटतं? त्याने पाठवलेल्या कारखान्याच्या पत्राच्या स्कॅनमध्ये डावीकडे खालचा कोपरा दुमडलेला आहे आणि दुसऱ्या ओळीवर स्टेपलरचं भोक आहे. आमच्या पत्रावर हेच होतं. गाडी या वेळी पिवळी आहे म्हणे, आमची पांढरी होती. कुणाच्या हाती तो दुमडलेला कोपरा आला, तर पैसे पाठवण्याआधी पत्रातला मूळ रंग वाचा.