जिवाणू म्हणून विकलेली बाटली आणि माझा रीफ टँक

पांढऱ्या बाटलीवर निळ्या अक्षरांत ‘१००% नैसर्गिक जिवाणू’ एवढंच छापलं होतं. घटक नाहीत, बनवल्याची तारीख नाही, वापरायची मुदत नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. मी बाटली उलटसुलट करून पाहिली, हे सगळं माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी ती घेतली. त्या वेळी माझ्या रीफ टँकमधल्या, म्हणजे घरी जिवंत कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या, प्रत्येक दगडावर बोटभर लांब हिरवं केसाळ शेवाळ वाढलं होतं. दर रविवारी टूथब्रशने घासायचं, पाइपने ओढून घ्यायचं आणि बुधवारपर्यंत ते पुन्हा जसंच्या तसं. दोन महिने हे करून मी थकले होते.

टँक तीन वर्षांचा, सम्प (खालची, उपकरणं ठेवायची जोडटाकी) धरून साधारण ३०० लिटरचा. पाण्याचा खारटपणा, कॅल्शियम वगैरे सगळं नियमित मोजते. हे आकडे मी दर आठवड्याला वहीत लिहिते. दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा हे मासे, शेवाळ खाणाऱ्या डझनभर ट्रोकस गोगलगायी आणि अंगठ्याएवढ्या तोडलेल्या तुकड्यापासून वाढवलेलं बर्ड्सनेस्ट नावाचं गुलाबी, फांद्यांचं कोरल, जे तोवर दोन्ही तळहातांत मावेल एवढं झालं होतं. खाली सम्पमध्ये कीटोमॉर्फाचा गोळा; हेही शेवाळच, पण पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळांचं खाद्य, शोषून घ्यावं म्हणून मुद्दाम वाढवलेलं. हे सगळं सांगते, कारण पुढे यातलं बरंचसं गेलं.

ज्याच्याकडून बाटली घेतली तो टँकची देखभाल करून देतो आणि कोरलही विकतो. घरी आला, स्वतःचं किट काढलं, टेस्ट ट्यूब उजेडात धरली आणि म्हणाला, “ताई, फॉस्फेट शून्य दिसतंय, पण फसू नका. पाण्यात उतरलेलं सगळं हे शेवाळच खाऊन टाकतंय, म्हणून टेस्टमध्ये दिसत नाही.” हे खरं आहे. शेवाळ माजलेल्या टँकमध्ये नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे कमी दिसतात, ते याचमुळे. मला हे माहीत होतं, म्हणून मला वाटलं, माणूस जाणकार आहे.

मग त्याने पुढचं सांगितलं. या बाटलीतले जिवाणू पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट खातात, शेवाळाच्या वाट्याला काही उरत नाही, ते उपाशी मरतं. “केमिकलचा एक थेंब नाही यात. पिण्याच्या पाण्यात टाकलं तरी चालेल.” यातही अर्धं खरं होतं. व्हिनेगरसारखा कार्बनचा स्रोत देऊन टँकमधले जिवाणू वाढवायचे आणि त्यांनी शोषलेलं नायट्रेट-फॉस्फेट स्किमरमधून (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्रातून) बाहेर काढायचं, ही पद्धत रीफ ठेवणारे वर्षानुवर्षं वापरतात. त्यामुळे ऐकताना कुठे खटकलं नाही. सगळंच खोटं असतं तर मी तिथल्या तिथे ओळखलं असतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. दर चौथ्या दिवशी ३० मिली टाकायचं, सम्पमधली ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी काढून ठेवायची, आणि यूव्ही, म्हणजे टँकचं पाणी ज्याच्या अतिनील प्रकाशातून जातं तो दिवा? “यूव्ही चालू राहू द्या, त्याचं काही नाही.” आता नीट विचार करा. यूव्हीमधून जाणारे पाण्यातले जिवाणू मरतात, तो दिवा त्याचसाठी असतो. बाटलीत खरंच जिवाणू असते तर त्याने पहिल्यांदा यूव्ही बंद करायला सांगितलं असतं. कार्बन जिवाणूंना मारत नाही, पाण्यात विरघळलेली सेंद्रिय रसायनं शोषून घेतो. म्हणजे त्याची सूचना जिवाणूंना सांभाळणारी नव्हतीच, रसायनाला सांभाळणारी होती. मला हे समजायला अडीच महिने लागले.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात शेवाळाचा रंग उतरला, टोकं करडी पडली, आणि चौथ्या आठवड्यात ते हात लावताच दगडावरून सुटून यायला लागलं. मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. त्याला फोन करून आभारसुद्धा मानले.

त्याच आठवड्यात सम्प उघडला तर कीटोमॉर्फा पांढरा पडला होता. तारेसारखे ताठ असणारे त्याचे धागे बोटात चिरडले जात होते. मी विचारलं तर उत्तर तयार होतं: “बघा ताई, जिवाणूंनी सगळं खाल्लं, त्याला काही उरलंच नाही.” मी त्या दिवशी पाणी तपासलं होतं. नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८. पाण्यात एवढं खाद्य असताना कीटोमॉर्फा उपाशी मरत नाही, उलट फोफावतो. वहीत मी आकड्यांपुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे, पण त्याला पुढे काही विचारलं नाही.

मेलेल्या शेवाळातून फॉस्फेट सुटलंय म्हणून त्याने मग फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे विकले, आणि रिॲक्टरमध्ये (टँकचं पाणी ज्यातून फिरवतात त्या नळकांड्यात) भरलेही भरपूर. दहा दिवसांत फॉस्फेट ०.०० वर आलं. दगड स्वच्छ, शेवाळ नाही, कीटोमॉर्फा नाही, पाण्यात फॉस्फेट नाही. अशा रिकाम्या जागेत काय येतं ते जुन्या रीफवाल्यांना सांगायला नको. वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा थर आला. त्यात बुडबुडे अडकलेले, त्यांच्यापासून वर तरंगणाऱ्या तारा. रात्री दिवे गेले की थर विरायचा, सकाळी साफ वाटायचं, दुपारपर्यंत परत सगळीकडे. हे डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे पाण्यातले एकपेशीय सूक्ष्मजीव.

आधी गोगलगायी गेल्या. ट्रोकस सहसा पडली तरी स्वतः सरळ होते, पण या काचेवरून खाली पडून तशाच उताण्या राहायच्या. मी हात घालून सरळ करायची, तासाभराने पुन्हा तेच. आठवडाभरात बारापैकी नऊ गेल्या. मग बर्ड्सनेस्टचे पॉलिप (कोरलवरचे फुलासारखे छोटे जीव) मिटले, बुंध्याकडून कातडी सुटायला लागली आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला. तीन वर्षं वाढवलेलं कोरल चार दिवसांत टोकांपर्यंत पांढरं झालं. मी रोज सकाळी आधी तिकडेच बघायची.

मी पुन्हा त्याला बोलावलं. त्याने टँककडे पाहिलं आणि पिशवीतून दुसरी बाटली काढली. तशीच पांढरी, अक्षरं हिरवी. ‘स्टेज २’. तेव्हा मात्र मी म्हटलं, ठेवून जा, उद्यापासून टाकते. आणि टाकली नाही.

ओळखीच्या एका रीफवाल्याकडून मूठभर ताजा कीटोमॉर्फा आणला. एकेक लिटरच्या तीन बरण्या घेतल्या, तिन्हीत नवीन बनवलेलं खारं पाणी, टँकमध्ये टाकतात तेवढंच नायट्रेट-फॉस्फेटचं खाद्य, सारखा कीटोमॉर्फा, सारखा दिवा. पहिल्या बरणीत बाकी काही नाही. दुसरीत पहिल्या बाटलीतलं उरलेलं द्रव, टँकला जेवढं पडत होतं त्याच प्रमाणात. तिसरीतही तेच द्रव तेवढंच, पण आधी काचेच्या छोट्या शिशीत, झाकण सैल ठेवून, एका जुन्या प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवलेलं. नुसतं उकळून भागत नाही, कारण काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. कुकरमधलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे तेही मरतात. (तो कुकर पुन्हा स्वयंपाकघरात नेलेला नाही आणि कोणी हे करणार असेल तर त्यानेही नेऊ नये.)

आठव्या दिवशी पहिल्या बरणीतला कीटोमॉर्फा हिरवागार, चिमटीत धरला तर कुरकुरीत. दुसऱ्या बरणीतला पांढरा, लिबलिबीत. तिसऱ्या बरणीतलाही पांढरा, लिबलिबीत, दोघांत फरक करता येणार नाही इतका सारखा. आणि फॉस्फेट तिन्ही बरण्यांत शिल्लक होतं. जिवाणू असते तर शिजवल्यावर त्यांचं काम थांबलं असतं, आणि शेवाळ उपाशी मरत असतं तर पाण्यात खाद्य उरलं नसतं. बाटलीत शेवाळनाशक होतं. पोहण्याच्या तलावात आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून अशी रसायनं सर्रास घालतात. त्यातली काही रंगहीन असतात, त्यांना फारसा वास नसतो आणि थोडीशीच पुरतात.

मी औषधांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. ब्रायोप्सिस हे चिवट शेवाळ हटता हटत नसेल तर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध रीफ टँकमध्ये उघडपणे वापरलं जातं. लाल चिकट थरावर, म्हणजे सायनोबॅक्टेरियावर, एरिथ्रोमायसिन हे ॲंटिबायोटिक चालतं. जिवाणूंच्या बाटल्याही सगळ्या खोट्या नसतात, नवीन टँक सायकल करताना, म्हणजे त्यात उपयोगी जिवाणू वसवताना, मी स्वतः वापरल्या आहेत. पण शेवाळनाशक टाकतोय हे मला माहीत असतं तर मी कीटोमॉर्फा आधी बाहेर काढून वेगळ्या बादलीत ठेवला असता. मेलेलं शेवाळ सडायच्या आत ओढून घेतलं असतं, पाणी जास्त बदललं असतं, फॉस्फेट शून्यावर जाऊ दिलं नसतं. कदाचित टाकलंच नसतं. ‘जिवाणू’ या एका शब्दाने हे सगळे निर्णय माझ्या हातातून काढून घेतले, आणि माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे.

बरण्यांचे फोटो दाखवल्यावर तो म्हणाला, “मी वरून माल आणतो, आत काय असतं मला काय माहीत.” मग म्हणाला, तुमच्याच पाण्यात काहीतरी असणार. बिल मागितलं तर, कशाला पाहिजे आता बिल. मी कधीच घेतलं नव्हतं. बाटलीवर नाव नाही, हातात बिल नाही, म्हणजे तक्रार करायची तर दाखवायला काहीच नाही. तुम्ही एवढं तरी करा: ज्या बाटलीवर घटक, बॅच आणि मुदत नाही ती टँकजवळ आणू नका, आणि प्रत्येक वस्तूचं बिल घ्या, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. विकणाऱ्याला विचारा की यूव्ही बंद करायचा का, कीटोमॉर्फाचं काय होईल, आणि द्रव सहा महिने कपाटात ठेवलं तर आतले जिवाणू जिवंत कसे राहतात. शेवाळ उपाशी मारतो म्हणणाऱ्या द्रवाने शेवाळ मरताना पाण्यात फॉस्फेट दिसत असेल तर त्याच दिवशी थांबा. आणि पाणी तुमच्या स्वतःच्या किटने तपासा.

डायनोफ्लॅजेलेट्सशी पुढचे तीन महिने गेले. जुना मायक्रोस्कोप मिळवला, ४०० पट मोठं करून पाहिलं तर थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकावर गोल गोल फिरताना दिसल्या. हा डायनोफ्लॅजेलेट्सचा ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा प्रकार. गोगलगायी का गेल्या ते तेव्हा कळलं, यांच्यात विष असतं. रिॲक्टर बंद केला. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर राहील एवढं बाहेरून घालत राहिले. रीफ टँकमध्ये मुद्दाम फॉस्फेट ओतताना हात थरथरतो, पण तेच लागतं. या पेशी रात्री पाण्यात सुटतात, म्हणून यूव्हीची नळी सम्पमधून काढून थेट वरच्या टँकला जोडली आणि प्रवाह मंद केला. कार्बनची पिशवी पहिल्याच दिवशी परत टाकली होती.

एवढं सगळं झाल्यावर मी मुळाशी गेले, जिथे मी पहिल्या दिवशी जायला हवं होतं. टँकमध्ये घालायचं पाणी मी ज्यातून शुद्ध करते त्या आरओ-डीआय फिल्टरच्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला. शून्य यायला हवं, १७ आलं. फिल्टरमधलं उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन कधीच संपलं होतं. टँकमधलं जे पाणी उडून जायचं त्याच्या जागी मी रोज जे भरत होते त्यातून हळूहळू शेवाळाचं खाद्यच आत जात होतं, आणि गोठवलेलं मत्स्यखाद्य मी न धुता घालत होते ते वेगळंच. त्या माणसाने इतक्या खेपा घातल्या, पाणी कुठलं वापरता हे एकदाही विचारलं नाही.

रेझिन बदललं. मीटर आता शून्य दाखवतो, मी दर शनिवारी पाहते आणि वहीत लिहिते. केसाळ शेवाळ मागच्या काचेवर अजून थोडं आहे. हाताने उपटते, राहिलेल्या तीन ट्रोकस बाकीचं खातात. बर्ड्सनेस्टची एक करंगळीएवढी फांदी मी पांढरं पडायच्या आधी तोडून वेगळी चिकटवली होती. गेल्या आठवड्यात तिच्या बुडाशी, चिकटवलेल्या जागेवरून दगडाकडे, गुलाबी कातडीची पातळ कड सरकलेली दिसली.