तंबूतला हवामान रेडिओ: घ्या, पण हँडलवर भुलून नको

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या शेनंडोआ नॅशनल पार्कच्या डोंगरात फोनची रेंज म्हणजे नशिबाचा भाग. स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगरधारेवरच्या रस्त्याच्या एका वळणावर दोन काड्या दिसतात, पुढच्या वळणाला गायब. बिग मेडोजच्या कॅम्पग्राउंडवर तर फोन फक्त फोटो काढायला उरतो. उंची साधारण साडेतीन हजार फूट, आणि उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेकडून वादळं वर चढतात. आम्ही नॉर्दर्न व्हर्जिनियात राहतो. शनिवार-रविवार मोकळा मिळाला की तंबू घेऊन तिकडेच पळतो, म्हणून हा हवामान रेडिओ घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. पन्नास-साठ डॉलरला मिळणारे हे हँडलवाले, म्हणजे हाताने हँडल फिरवून चार्ज करायचे रेडिओ बरेचसे एकाच साच्यातले असतात.

खरं कौतुक रेडिओचं नाहीच, त्यावर जे ऐकू येतं त्याचं आहे. इथल्या सरकारी हवामान खात्याचं, म्हणजे नोआचं, चोवीस तासांचं प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या सात चॅनेलांवर चालतं. देशभरात हजाराच्या वर ट्रान्समीटर आहेत. वर्गणी नाही, जाहिरात नाही. नेहमीचा एफएम १०८ ला संपतो, त्यामुळे घरातल्या किंवा गाडीतल्या साध्या रेडिओवर हे लागत नाही, वेगळा संच लागतो. आमच्या भागाचं प्रसारण मनाससच्या ट्रान्समीटरवरून १६२.५५० वर येतं आणि मजकूर स्टर्लिंगच्या ऑफिसातून. निवेदक म्हणजे संगणकाचा आवाज. ऊन पडणार असो की गारा, सूर तोच. पहिल्यांदा ऐकताना कंटाळा येतो. पण पाच-दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं, तर तापमान, वारा, रात्रीचा पाऊस, उद्याचा अंदाज सगळं एकदा फिरून येतं. सकाळी स्टोव्हवर पोहे परतताना तेवढं ऐकायचं आणि ट्रेलवर किती वाजेपर्यंत थांबायचं ते ठरवायचं.

एकदा दुपारी मुलं बाहेर पत्ते खेळत होती आणि रेडिओ किंचाळला. किंचाळलाच, दुसरा शब्द नाही. मग तोच सपाट आवाज: पेज काउंटीसाठी, म्हणजे पेज जिल्ह्यासाठी, वादळाचा इशारा, लुरे, स्टॅनली, पूर्वेकडे सरकतंय. स्टॅनली म्हणजे आमच्या बरोबर खाली, दरीतलं गाव. आभाळ आमच्या डोक्यावर अजून निळंच होतं. शेजारच्या तंबूतल्या मंडळींनी वर बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि हसली. आम्ही पत्ते गोळा केले आणि सगळे गाडीत जाऊन बसलो. विजा कडकडायला लागल्या की तंबू काही कामाचा नाही, पत्र्याच्या टपाची गाडी बरी. थोड्या वेळाने शेजारची मंडळीही पळत त्यांच्या गाडीत शिरली. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास आत बसायचं असतं. मुलांना ते वादळापेक्षा जड गेलं.

यातली मेख अशी, की इशारा काउंटीच्या नावाने येतो. पार्कात आलेल्या माणसाला आपण ‘बिग मेडोजला’ आहोत एवढंच माहीत असतं, काउंटी कोण लक्षात ठेवतं? इथे डोंगराच्या धारेवरूनच दोन काउंटींची हद्द जाते, पश्चिमेला पेज आणि पूर्वेला मॅडिसन. वादळ बहुतेक वेळा पेजमधून येतं, म्हणून दोन्ही नावांकडे कान हवा. मी कागदावर दोन्ही नावं आणि पायथ्याची गावं लिहून रेडिओच्या पाठीला चिकटपट्टीने लावली आहेत. ‘वॉच’ म्हणजे लक्षण दिसतंय आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे आलंच, हेही मुलीने तिथेच खाली लिहून ठेवलंय. वादळाची वॉर्निंग उगाच देत नाहीत. ताशी ५८ मैलांचा वारा किंवा एक इंच जाडीची गार, एवढा जोर असावा लागतो.

आता तक्रार. आमच्या संचात काउंटी निवडायची सोय नाही. घरात ठेवायच्या टेबलावरच्या रेडिओत सहा आकडी कोड घालता येतो, पेजचा ०५११३९, मॅडिसनचा ०५१११३. मग तो फक्त त्या काउंटीसाठी ओरडतो. आमचा मात्र ट्रान्समीटरच्या टापूत कुठेही काही झालं की ओरडतो. रात्री दहा ते सकाळी सहा कॅम्पग्राउंडवर शांततेची वेळ असते, आणि दीड वाजता हा लांबच्या कुठल्याशा काउंटीतल्या पुरासाठी बोंब मारतो. आवाज कमी करून बघितला, भोंग्यावर त्याचा काही परिणाम नाही. झोपताना तो माझ्या जाड जॅकेटात गुंडाळलेला असतो.

हँडलचंही तसंच. खोक्यावर ते फिरवणाऱ्या हसऱ्या कुटुंबाचं चित्र आहे. प्रत्यक्षात मिनिटभर दणादण फिरवलं तर थोडाच वेळ बोलतो, आणि फोन चार्ज करायची स्वप्नं तर बघूच नका. वरचं सौर पॅनेल झाडाखाली शोभेचं. घरून पूर्ण चार्ज करून न्यायचा आणि साधे सेल बरोबर ठेवायचे, एवढं केलं की दोन रात्री निभावतं. टॉर्च मात्र झकास आहे. अँटेना पूर्ण ओढून उभी करा. या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे धारेवर खणखणीत ऐकू येतं आणि खाली धबधब्याच्या घळीत उतरलं की नुसती खरखर. उलट धारेवर दोन-तीन ट्रान्समीटर एकदम सापडतात. तेव्हा नावं ऐकून आपल्या भागाचा चॅनेल निवडा, नुसता जोरात येतो तो नको.

गेल्या उन्हाळ्यात सासरे पुण्याहून आले होते. त्यांनी पहिल्या रात्रीच रेडिओ ताब्यात घेतला. एएमवर हळूहळू बटण दाबत ६५० वर नॅशव्हिल पकडलं, शेकडो मैलांवरचं, आणि शेकोटीपाशी कंट्री म्युझिक ऐकत बसले. सकाळी म्हणाले, “अगं, हा मी पुण्याला नेतो. सात पाचच्या बातम्या ऐकीन.” मी म्हटलं, “बाबा, तिकडे पुणं लागायचं नाही यावर.” इथल्या संचात एएमचे आकडे दहा-दहाने सरकतात, आपल्याकडे नऊ-नऊने. पुणे केंद्र ७९२ वर, आणि हा ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो. काही संचांत ही पायरी बदलता येते, आमच्यात नाही. आणि हवामानाचे ते सात चॅनेल भारतात नाहीतच. सह्याद्रीत तंबू ठोकणाऱ्यांनी हा मागवून पैसे घालवू नयेत. तिथे वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे, फक्त त्याला रेंज लागते, म्हणून गड चढण्याआधी पायथ्याशीच बघून घ्या.

अमेरिकेत कॅम्पिंग करत असाल तर मात्र घ्याच, आणि घेताना काउंटी निवडता येणारा हातात धरायचा संच मिळाला तर थोडे डॉलर जास्त गेले तरी तोच घ्या. आमचा बिघडला की मी तोच आणणार आहे. हँडल नसलं तरी चालेल.